लॅपटॉपवर पास, सीआयवर फेल: जीझिप वाचणाऱ्या टेस्टचे प्रश्न

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत: कॉम्प्रेस केलेली फाइल वाचणारा कोड, आणि काही केल्या पास न होणारी त्याची युनिट टेस्ट. पत्रांमध्ये कोड आहे, एरर आहे, पण फाइलच्या आत नेमके कोणते बाइट आहेत ते जवळजवळ कुणीच लिहिलेले नाही. शोध तिथूनच सुरू करायला हवा.

जीझिप म्हणजे ‘.जीझेड’ नावाने दिसणारा कॉम्प्रेस केलेल्या फाइलींचा प्रकार. त्याची रचना सोपी आहे आणि १९९६च्या आरएफसी १९५२ या तांत्रिक दस्तऐवजात ती पूर्ण दिलेली आहे. सुरुवातीला दहा बाइटचे हेडर. त्यातले पहिले दोन बाइट कायम १एफ आणि ८बी (हेक्समध्ये), तिसरा ०८ म्हणजे डिफ्लेट ही कॉम्प्रेशनची पद्धत, चौथा फ्लॅगचा, पुढचे चार वेळेचे, नववा कॉम्प्रेशनच्या पातळीबद्दलचा आणि दहावा ऑपरेटिंग सिस्टिमचा. फ्लॅगमध्ये तशी खूण असेल तर या दहांना जोडून मूळ फाइलचे नावही येते. मग खुद्द डेटा. आणि शेवटी आठ बाइट: चार सीआरसी-३२चे (डेटा बिघडला नाही ना हे तपासायचा आकडा), चार मूळ लांबीचे. लिनक्स किंवा मॅकवर ‘एक्सएक्सडी’ वा ‘हेक्सडंप’ने दोन्ही टोके लगेच दिसतात. ‘जीझिप’ कमांडला ‘टेस्ट’ हा पर्याय दिला की फाइल शाबूत आहे की नाही हेही कळते. ती शाबूत निघाली तरच कोड उघडायचा.

प्रश्न: पायथॉनमधला आमचा पार्सर टेस्टसाठी रेपोत (कोडच्या गिट साठ्यात) ठेवलेली ‘.जीझेड’ फाइल वाचतो. माझ्या लॅपटॉपवर टेस्ट पास होते. सीआयवर (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) ‘नॉट अ जीझिप्ड फाइल’ असा एरर येतो आणि पुढे कंसात ‘व्हीई’ अशी दोन अक्षरे दिसतात. फाइल तीच, कोड तोच, मग असे का? – वाचक, पुणे

उत्तर: फाइल तीच नाही. त्या एररमधला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे ती दोन अक्षरे. १एफ ८बीच्या जागी जे सापडले तेच पायथॉन तिथे छापतो. ‘व्हीई’ ही ‘व्हर्जन’ या शब्दाची सुरुवात आहे. तुमची फाइल गिट एलएफएसमध्ये (मोठ्या फाइली वेगळ्या साठवायची गिटची सोय) ठेवलेली असणार. एलएफएसने खरी फाइल खाली आणली नाही, तर तिच्या जागी तीन ओळींची छोटी मजकूर फाइल उरते. पहिल्या ओळीत ‘व्हर्जन’, दुसरीत खऱ्या फाइलचा एसएचए-२५६ हा ओळख-आकडा आणि तिसरीत खऱ्या फाइलचा आकार. सीआयवर फाइलचा आकार छापून बघा. सव्वाशे-दीडशे बाइट दिसले की शंका मिटली.

गिटहब अॅक्शन्समध्ये चेकआउटच्या पायरीत ‘एलएफएस’ हा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करा. इतर सीआयवर चेकआउटनंतर ‘गिट एलएफएस पुल’ची पायरी घाला. खरे तर टेस्टची नमुना फाइल पाच-दहा केबीची असेल, तर ती एलएफएसमध्ये ठेवायचे काहीच कारण नाही. एवढ्या लहान फाइली साध्या गिटमध्येच असाव्यात.

कंसातल्या इतर जोड्याही ओळखून ठेवा. ‘पीके’ म्हणजे झिप फाइल (ही फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे). ‘बीझेड’ म्हणजे बीझिप२. २८ बी५ म्हणजे झेडस्टँडर्ड. एफडी ३७ म्हणजे एक्सझेड. ७८ आणि त्यामागे ०१, ९सी किंवा डीए असेल तर ते झेडलिबचे वेष्टन आहे. आत डिफ्लेटच, पण हेडर दोन बाइटचे आणि शेवटी सीआरसीऐवजी अॅडलर-३२. त्याला ‘झेडलिब.डीकॉम्प्रेस’ हवे, जीझिप मॉड्यूल नको. ‘<’ने सुरुवात झाली तर डाउनलोडच्या जागी लॉगिनचे किंवा चुकीचा संदेश दाखवणारे एचटीएमएल पान सेव्ह झालेले आहे.

आणि एक खास जोडी: १एफ ईएफ. पहिला बाइट बरोबर, दुसरा चूक. कुणीतरी ही बायनरी फाइल यूटीएफ-८ मजकूर समजून उघडली आणि परत लिहिली आहे. १एफ हा आस्कीतला असल्यामुळे वाचतो. ८बी एकटा यूटीएफ-८मध्ये बसत नाही, म्हणून त्याच्या जागी ईएफ बीएफ बीडी हे तीन बाइट येतात. अशी फाइल दुरुस्त होत नाही, कारण मूळ बाइट कोणता होता ही माहितीच गेलेली असते. जावावाल्यांनी हे लक्षात ठेवावे: मेव्हन या बिल्डच्या साधनात टेस्ट-रिसोर्सेसचे फिल्टरिंग (फाइलींतल्या खुणांच्या जागी मजकूर भरणे) चालू असेल तर ‘.जीझेड’ फाइलींचे नेमके हेच होते. चित्रांची काही एक्स्टेन्शन्स मेव्हन आपणहून वगळतो, ‘जीझेड’ वगळत नाही. ते ‘नॉनफिल्टर्ड फाइल एक्स्टेन्शन्स’च्या यादीत तुम्हालाच घालावे लागते.

प्रश्न: आमच्याकडे उलट आहे. लिनक्सच्या सीआयवर सगळे हिरवे, आणि विंडोजवर काम करणाऱ्या दोघांकडे तीच टेस्ट ‘एरर -३’ देऊन पडते. पहिले दोन बाइट तपासले, ते बरोबर आहेत. – वाचक, नाशिक

उत्तर: दोन्हीकडे फाइलचा आकार बाइटमध्ये मोजा. विंडोजवरची फाइल थोडी मोठी निघाली, तर गिटने तिला मजकूर समजून विंडोजच्या पद्धतीने प्रत्येक ०एच्या (नव्या ओळीच्या बाइटच्या) आधी ०डी घातलेला आहे. कॉम्प्रेस झालेल्या डेटात सगळे बाइट साधारण सारख्याच प्रमाणात येतात. त्यामुळे १० केबीच्या फाइलमध्ये ०ए सुमारे चाळीस वेळा येतो आणि फाइल तेवढ्याच बाइटने फुगते. हेडर लहान असल्यामुळे बहुधा सुटते, म्हणून सुरुवात बरोबर आणि मध्येच बिघाड.

गिट एरवी फाइलच्या पहिल्या ८००० बाइटांत शून्य बाइट दिसला की तिला बायनरी धरते, आणि जीझिपमध्ये शून्य बाइट जवळपास नेहमी असतोच. म्हणजे आपोआप ओळखण्यावर सोडले असते तर हे झाले नसते. तुमच्या ‘.गिटअॅट्रिब्यूट्स’मध्ये (कोणती फाइल कशी हाताळायची हे गिटला सांगणाऱ्या फाइलमध्ये) सगळ्याच फाइलींना सरसकट ‘टेक्स्ट’ लावलेले असणार. ‘टेक्स्ट=ऑटो’ आणि नुसते ‘टेक्स्ट’ यांत हाच फरक आहे: दुसऱ्यात गिटला विचार करायची मुभाच नाही. त्याखाली ‘*.जीझेड बायनरी’ अशी ओळ घाला (क्रम महत्त्वाचा, नंतरची ओळ जिंकते), विंडोजवरची ती फाइल पुसा आणि पुन्हा चेकआउट करा.

रेपोतली प्रत बिघडली आहे का, हाही प्रश्न येईल. फाइल आत घेताना गिट ०डी ०ए या जोडीतला ०डी काढतो. ती जोडी योगायोगाने येण्याची शक्यता दर जागी ६५,५३६ मध्ये एक, त्यामुळे लहान फाइल बहुधा वाचलेली असते. तुमच्या लिनक्सवर टेस्ट पास होते आहे, म्हणजे वाचली आहे.

प्रश्न: डिस्कवर फाइल नको म्हणून मेमरीतल्या ‘बाइट्सआयओ’मध्ये जीझिप लिहितो आणि लगेच वाचतो. कधी ‘ईओएफ एरर’ येतो, कधी एररच येत नाही पण मजकूर रिकामा मिळतो. लिहून झाल्यावर ‘फ्लश’ करतो आहे. – वाचक, कोल्हापूर

उत्तर: ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. ‘फ्लश’ने आतापर्यंतचा डेटा बाहेर पडतो, पण शेवटचे आठ बाइट पडत नाहीत. ते फक्त ‘क्लोज’ केल्यावर लिहिले जातात. ते नसले की वाचणारा शेवटपर्यंत जातो आणि ‘शेवटची खूण येण्याआधीच फाइल संपली’ अशी तक्रार करतो. जीझिपफाइल ‘विथ’ ब्लॉकमध्ये उघडा आणि वाचायचे काम त्या ब्लॉकच्या बाहेर करा. आतला ‘बाइट्सआयओ’ त्यामुळे बंद होत नाही. तो तुम्ही दिलेला असल्याने जीझिपफाइल त्याला हात लावत नाही.

रिकामा मजकूर येतो तो ‘सीक(०)’, म्हणजे पुन्हा सुरुवातीला जाणे, विसरल्यामुळे. लिहून झाल्यावर जागा शेवटाला असते. तिथून वाचायला गेले की पायथॉनला एकही बाइट मिळत नाही, आणि पायथॉनचे जीझिप मॉड्यूल शून्य बाइटच्या प्रवाहाला चूक मानत नाही, रिकामे उत्तर देते. ‘जीझिप’ कमांड मात्र शून्य बाइटच्या फाइलवर ‘अनपेक्षित शेवट’ म्हणून ओरडते. हा फरक फक्त टेस्टपुरता नाही. डाउनलोड अर्धवट राहून शून्य बाइटची फाइल उरली, तर तुमचा प्रोग्राम ‘आज एकही नोंद नाही’ असे समजून पुढे जाईल. म्हणून रिकाम्या फाइलच्या टेस्ट दोन लिहा: एक खरोखर शून्य बाइटची, दुसरी रिकाम्या मजकुराच्या जीझिपची. दुसरीचा आकार, नाव न घालता, बरोबर २० बाइट असतो: दहा हेडरचे, दोन डेटाचे (०३ ००) आणि आठ शेवटचे. पहिलीवर तुमच्या कोडने स्वतःहून एरर द्यावा, दुसरीवर देऊ नये.

प्रश्न: मोठ्या फाइली ४०९६ बाइटच्या तुकड्यांनी वाचून प्रत्येक तुकडा यूटीएफ-८मधून डीकोड करतो. इंग्रजी मजकुराच्या टेस्ट पास आहेत. मराठी बातम्यांची फाइल दिली की ‘पोझिशन ४०९५, अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा’. कॉम्प्रेशनमुळे अक्षरे तुटतात का? – वाचक, ठाणे

उत्तर: कॉम्प्रेशन निर्दोष आहे, अक्षरे तुमचा तुकडा तोडतो आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे: ‘मराठी’ म्हणजे पाच चिन्हे, पंधरा बाइट. ४०९६ला तीनने भागले की बाकी एक उरते. सलग देवनागरी असेल तर १३६५ चिन्हे ४०९५ बाइटांत बसतात आणि शेवटच्या जागी पुढच्या चिन्हाचा पहिला बाइट, ई०, एकटा पडतो. मध्ये जागा, स्वल्पविराम, नवी ओळ (हे सगळे एकेक बाइटचे) आले की हिशेब सरकतो. म्हणून काही फाइली योगायोगाने पास होतात आणि गोंधळ वाढतो. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, तिथे हे कधीच दिसणार नाही.

उपाय सोपा आहे: ‘जीझिप.ओपन’ ‘आरटी’ मोडमध्ये आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहून उघडा. तुटलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी धरून ठेवायचे काम तो स्वतः करतो. बाइटच्याच तुकड्यांनी वाचणे भाग असेल, तर ‘कोडेक्स’ मॉड्यूलमधला इन्क्रिमेंटल डीकोडर घ्या आणि शेवटच्या तुकड्याला ‘फायनल’ खरे द्या, नाहीतर खरोखर अर्धवट संपलेली फाइल कळणार नाही. ‘एरर्स’ला ‘इग्नोर’ देऊन टेस्ट हिरवी करू नका. एरर जाईल, पण प्रत्येक तुकड्याच्या सांध्यावरचे एक चिन्ह नाहीसे होईल. काना किंवा वेलांटी गेली तर शब्द वाचता येतो आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

टेस्ट लिहिताना तुकड्याचा आकार बाहेरून देता येईल असा ठेवा आणि टेस्टमध्ये तो ७ करा. मजकुराच्या आधी शून्य, एक आणि दोन इंग्रजी अक्षरे जोडून तीन नमुने करा. म्हणजे सांधा चिन्हाच्या तिन्ही ठिकाणी पडतो आणि चार केबीची फाइल लागत नाही.

एन्कोडिंग स्पष्ट लिहा म्हटले त्याचे कारण विंडोज. तिथे ते न लिहिल्यास पायथॉन बहुधा कोडपेज १२५२ (एका बाइटला एक अक्षर देणारी जुनी सूची) धरतो. त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटांना काही अर्थ नाही. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी. म्हणून टेस्टमध्ये ‘पुणे’ लिहिले तर ‘पोझिशन ५’वर (शून्यापासून मोजून) ‘८१’ची तक्रार येईल, आणि ‘मराठी’ लिहिले तर काहीच तक्रार न येता पंधरा निरर्थक चिन्हे मिळतील. नमुना मजकुरात जोडाक्षर आणि उकार दोन्ही ठेवा. बिघाड असेल तर तो मोठ्याने बोलायला हवा.

प्रश्न: जावात ८१९२ बाइटचा अॅरे घेऊन ‘रीड’ करतो. साध्या फाइलवर अॅरे पूर्ण भरतो. ‘जीझिपइनपुटस्ट्रीम’ वापरला की पुढचा भाग भरतो आणि मागे शून्ये राहतात. – वाचक, हैदराबाद

उत्तर: ‘रीड’ने अॅरे पूर्ण भरेन असे वचन कधीच दिलेले नाही. किती बाइट भरले ते तो परत सांगतो, आणि तो आकडा तुम्ही वापरलेला नाही. साध्या फाइलवर तो बहुधा पूर्ण भरतो, म्हणून सवय लागते. ‘जीझिपइनपुटस्ट्रीम’चा आतला बफर मुळात ५१२ बाइटचा असतो. तेवढ्या कॉम्प्रेस डेटातून जे बाहेर पडले ते हाती देऊन तो परततो. बफर मोठा करून टेस्ट पास होईल, पण दोष तिथेच राहील. जावा ९ पासूनचे ‘रीडएनबाइट्स’ किंवा ‘रीडऑलबाइट्स’ वापरा. जुन्या आवृत्तीवर ‘डेटाइनपुटस्ट्रीम’चे ‘रीडफुली’.

हा दोष पुन्हा येऊ नये म्हणून एका वेळी एकच बाइट देणारा स्ट्रीम टेस्टमध्ये लिहून ठेवा. दहा-बारा ओळींचे काम आहे. गो भाषेत तो तयारच मिळतो: ‘आयओटेस्ट’मधला ‘वनबाइटरीडर’, आणि कोडमध्ये ‘आयओ.रीडफुल’.

तो स्ट्रीम लिहिताना जावात आणखी एक खाच समोर येईल. जीझिप फाइलमध्ये एकामागून एक अनेक भाग असू शकतात, दोन ‘.जीझेड’ फाइली नुसत्या जोडल्या तरी ती वैध जीझिप फाइल होते. रोजचे लॉग असे जोडले जातात, आणि जनुकीय डेटासाठी वापरला जाणारा ‘बीजीझिप’ तर फाइल अशा लहान भागांचीच बनवतो, प्रत्येक जास्तीत जास्त ६४ केबी मूळ डेटाचा. पुढचा भाग आहे का हे ठरवताना ‘जीझिपइनपुटस्ट्रीम’च्या अनेक आवृत्त्या आतल्या स्ट्रीमला ‘अव्हेलेबल’ विचारतात. तुमच्या स्ट्रीमने ते लिहिलेले नसेल तर उत्तर शून्य जाते, आणि पहिल्या भागानंतर फाइल संपली असे समजून वाचन थांबते. एररही येत नाही. पायथॉनमध्ये जीझिप मॉड्यूल सगळे भाग वाचते. पण ‘झेडलिब.डीकॉम्प्रेसऑब्ज’ला ३१ देऊन स्वतः वाचणारा कोड पहिल्या भागावर थांबतो आणि उरलेले ‘अनयूज्डडेटा’मध्ये ठेवतो, ते घेऊन नवा ऑब्जेक्ट सुरू करायचे काम तुमचे. म्हणून दोन भाग जोडलेली एक नमुना फाइल प्रत्येक टेस्टसंचात असावी, भाषा कोणतीही असो.

प्रश्न: लिहिलेले जीझिप अपेक्षित फाइलशी बाइट-बाइट जुळवतो. कधी जुळते, कधी नाही. – वाचक, पणजी

उत्तर: पाचवा ते आठवा बाइट वेळेचा. दोन्ही वेळा सेकंद तोच असला तर जुळते. पायथॉनमध्ये ‘एमटाइम’ला शून्य द्या, कमांड वापरत असाल तर ‘नो-नेम’ हा पर्याय. त्यानंतरही भरवसा नाही: त्याच मजकुराचे डिफ्लेटमध्ये अनेक वैध रूपांतर होऊ शकते, आणि कोणते निघेल ते लायब्ररी ठरवते. फेडोरा ४० या लिनक्सने झेडलिब या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीच्या जागी झेडलिब-एनजी आणले. तिथे तीच पातळी दिली तरी बाइट वेगळे येऊ शकतात. उघडून मूळ मजकूर जुळवा, विषय संपला.

प्रश्न: बिघडलेली फाइल दिली की एरर यावा अशी टेस्ट आहे. ‘असर्टरेझेस’च्या (आतल्या कोडने एरर द्यायलाच हवा अशा तपासणीच्या) आत ‘जीझिप.ओपन’ लिहिले, पण एररच येत नाही. तसेच बिघडलेले नमुने कसे करावेत? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: पायथॉनचा ‘जीझिप.ओपन’ हेडरसुद्धा वाचत नाही. ते पहिल्या ‘रीड’ला होते. जावात आणि गोमध्ये उलट, तिथे ऑब्जेक्ट बनवतानाच हेडर तपासले जाते. म्हणून पायथॉनमध्ये ‘रीड’ही त्या ब्लॉकच्या आत हवे, आणि तेही शेवटपर्यंतचे. सीआरसीची तपासणी शेवटच्या आठ बाइटांवर होते. फक्त पहिली ओळ वाचून थांबणाऱ्या कोडला बिघडलेला सीआरसी कधीच दिसणार नाही.

नमुने डिस्कवर साठवू नका. टेस्टमध्येच दोनशे-तीनशे बाइटचा चांगला जीझिप बनवा आणि त्याच्या बिघडलेल्या प्रती काढा. पहिला बाइट बदला: ‘बॅडजीझिपफाइल’. शेवटचे आठ बाइट कापा: ‘ईओएफएरर’. शेवटून आठव्या बाइटाला एफएफशी एक्सऑर करा (म्हणजे त्याचे सगळे बिट उलटवा): सीआरसी जुळत नाही असा ‘बॅडजीझिपफाइल’. अगदी शेवटचा बाइट तसाच उलटा: लांबी चुकली म्हणून तोच एरर. शेवटी कचरा जोडा: पायथॉन पुन्हा ‘बॅडजीझिपफाइल’ देतो. ‘जीझिप’ कमांड मात्र मजकूर नीट उघडून फक्त इशारा देते आणि २ हा कोड परत करते. तो कचरा म्हणजे नुसती शून्ये असतील तर पायथॉनही गप्प राहतो. टेपवर साठवताना शेवटी शून्ये भरली जात, त्यासाठी ठेवलेली ही सवलत.

मधला बाइट उलटवलात तर कोणता एरर येईल हे आधी सांगता येत नाही. रचना मोडली तर ‘झेडलिब.एरर’, रचना टिकून मजकूरच बदलला तर सीआरसीचा, शेवटाची खूण नाहीशी झाली तर ‘ईओएफएरर’. तिथे तिन्ही चालतील असे लिहा. आणि हेच मूळ कोडलाही लागू आहे: ‘बॅडजीझिपफाइल’ हा ‘ओएसएरर’चा प्रकार आहे, बाकीचे दोन नाहीत. नुसते ‘एक्सेप्ट ओएसएरर’ लिहिलेला कोड अर्धवट डाउनलोड झालेल्या फाइलवर कोसळतो, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळा येते ती तीच.

प्रश्न: फुगवून मेमरी भरणारी फाइल नाकारायची आहे. तिच्या टेस्टसाठी मोठी फाइल रेपोत ठेवावी लागेल का? – वाचक, नागपूर

उत्तर: नाही. डिफ्लेट जास्तीत जास्त हजाराला एक या बेताने दाबतो (नेमकी मर्यादा १०३२ला एक), म्हणून १० एमबी शून्यांचा जीझिप सुमारे १० केबीचा होतो आणि टेस्टमध्येच क्षणात बनतो. मर्यादा तपासताना शेवटच्या चार बाइटांतल्या लांबीवर जाऊ नका: ती कुणीही खोटी लिहू शकतो, ती फक्त शेवटच्या भागाची असते, आणि ४ जीबीच्या पुढे पुन्हा शून्यापासून मोजली जाते. मर्यादेपेक्षा एक बाइट जास्त मागा. तो मिळाला की फाइल नाकारा.

प्रश्न: सर्व्हरवरून आलेला ‘.जीझेड’ उघडताना टेस्टमध्ये सगळे ठीक, प्रत्यक्षात ‘नॉट अ जीझिप्ड फाइल’. – वाचक, बंगळुरू

उत्तर: सर्व्हर ‘कंटेंट-एन्कोडिंग: जीझिप’ हे हेडर पाठवतो आहे. ते दिसले की पायथॉनची ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी ‘कंटेंट’ तुमच्या हाती उघडूनच देते, आणि तुम्ही उघडलेले पुन्हा उघडता आहात. तुमच्या टेस्टमधल्या नकली उत्तरात ते हेडर नाही, म्हणून तिथे बाइट कॉम्प्रेस्डच मिळतात. नाव ‘.जीझेड’ असल्यावर विसंबू नका, पहिले दोन बाइट बघून ठरवा आणि टेस्ट दोन्ही प्रकारांची लिहा.

प्रश्न: झिपमधून ‘दुसऱ्या तिमाहीचा अहवाल’ नावाची फाइल काढायची टेस्ट आहे. सहकाऱ्याने मॅकवर बनवलेल्या झिपमध्ये ‘अशी फाइल नाही’ म्हणतो. यादी छापली तर नाव डोळ्यांना अगदी तेच दिसते. ‘पहिल्या तिमाहीचा अहवाल’ मात्र सापडतो. – वाचक, सोलापूर

उत्तर: फरक ‘ऱ्या’मध्ये आहे. मराठीतला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह, क्रमांक ०९३१, किंवा साधा ‘र’ ०९३० आणि त्याखाली नुक्ता ०९३सी. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, बाइट मात्र पहिल्यात तीन आणि दुसऱ्यात सहा. मॅकवर बनलेल्या झिपमध्ये नाव या विघटित रूपात असू शकते, तुमच्या टेस्टमध्ये ते एकचिन्ही आहे. ‘पहिल्या’मध्ये असे दुहेरी रूप असलेले अक्षरच नाही, म्हणून ते सापडते. खात्री करायची तर दोन्ही नावांची लांबी छापा. एकाचा फरक येईल.

झिपमधली सगळी नावे आणि शोधायचे नाव, दोन्ही ‘युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ’मधून ‘एनएफसी’ या जोडलेल्या, एकचिन्ही रूपात आणून मगच जुळवा, आणि फाइल काढताना झिपमधले मूळ नावच द्या; म्हणजे एनएफसी नावावरून मूळ नाव देणारी एक डिक्शनरी ठेवली की झाले. त्याच यादीत ‘__मॅकओएसएक्स’ने सुरू होणाऱ्या जास्तीच्या नोंदी दिसतील, त्या वगळा, नाहीतर फाइलींची संख्या मोजणारी पुढची टेस्ट पडेल.

यादीत नाव ओळखूच न येणारी चिन्हे होऊन आले तर प्रकार वेगळा. झिपच्या नोंदीतला ११ क्रमांकाचा (शून्यापासून मोजून) फ्लॅग-बिट ‘हे नाव यूटीएफ-८ आहे’ असे सांगतो. तो लावलेला नसेल तर पायथॉन नाव कोडपेज ४३७ समजून वाचतो. पायथॉन ३.११ पासून ‘झिपफाइल’ला ‘मेटाडेटाएन्कोडिंग’ देता येते. त्याआधीच्या आवृत्तीवर नाव ४३७मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८मधून डीकोड करा. आधी बिट तपासा, मगच हे करा. बिट लावलेल्या नावावर हा उपाय केलात तर एन्कोड करतानाच एरर येईल.